शेजाऱ्यांसोबत बेअरफूट बोल्स: मेलबर्नमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

मेलबर्नच्या जवळपास प्रत्येक जुन्या उपनगरात एक बोलिंग क्लब असतो. बसकी इमारत आणि तिच्यासमोर अगदी बारीक कापलेल्या हिरवळीचं चौकोनी मैदान. आपल्यातले बरेच जण रोज त्याच्या शेजारून जातात, पांढऱ्या टोप्या घातलेली वयस्कर मंडळी वाकून गोळे टाकताना बघतात आणि ‘हे काही आपल्यासाठी नाही’ असं समजून पुढे जातात. खरं तर हीच मैदानं संध्याकाळी आणि रविवारी कोणालाही तासाच्या किंवा माणशी दराने खेळायला मिळतात. गोळे क्लब देतो, शिकवायलाही कोणीतरी येतं, आणि बूट काढून अनवाणी खेळलं तरी चालतं. म्हणून याला इथे बेअरफूट बोल्स म्हणतात. खेळ मात्र लॉन बोल्सचाच: जॅक नावाच्या छोट्या चेंडूच्या जवळात जवळ आपले गोळे घरंगळत न्यायचे.

आमच्या रस्त्यावरची घरं दर उन्हाळ्यात एकदा असा सामना ठेवतात आणि मग तिथेच सगळे मिळून जेवतात. तो जमवण्याचं काम मी केलं आहे. ज्यांना आपल्या रस्त्यावर हे सुरू करायचं आहे, किंवा शेजाऱ्याकडून निमंत्रण आलंय पण नेमकं काय करायचं ते कळत नाही, त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचे बरेच सल्ले तिच्यावरच उभे आहेत. या खेळात धावणं नाही, उडी नाही, ताकद नाही. सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले आई-बाबा, समोरच्या घरातली दहा वर्षांची मुलगी आणि कोपऱ्यावरचे निवृत्त ग्रीक आजोबा एकाच संघात, बरोबरीने खेळू शकतात. क्रिकेटमध्ये किंवा बॅडमिंटनमध्ये हे जमत नाही. तेव्हा सामना असा आखा की ही माणसं खरोखर शेजारी शेजारी उभी राहतील.

थोडी पार्श्वभूमी. ऑस्ट्रेलियात हा खेळ १८४५ साली टास्मानियात, हॉबार्टजवळच्या सँडी बे इथे सुरू झाला असं मानतात. मेलबर्नच्या विंडसर भागातला मेलबर्न बोलिंग क्लब १८६४ सालचा आहे. पुढे क्लबांची सदस्यसंख्या घटत गेली आणि अनेकांनी आपली मैदानं बाहेरच्या लोकांना उघडी केली. आपल्यासाठी अभिमानाची बाब म्हणजे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा रानी तिर्की या चौघींनी अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १७-१० असं हरवून सुवर्ण जिंकलं. लॉन बोल्समधलं भारताचं ते पहिलंच राष्ट्रकुल पदक होतं. क्लबातल्या जुन्या सदस्यांना हा सामना चांगला आठवतो. तुम्ही भारतातून आलात म्हटल्यावर ते स्वतःहून विषय काढतील, म्हणून ही नावं माहीत असू द्या.

१. क्लब निवडा आणि फोन करा

ईमेलपेक्षा फोन बरा. बहुतेक क्लब स्वयंसेवक चालवतात आणि ईमेलचं उत्तर यायला वेळ लागतो. बार उघडा असतो त्या वेळी फोन केला तर कोणीतरी नक्की भेटतं.

फोनवर ‘फंक्शन’ हा शब्द वापरू नका. तो ऐकला की सभागृहाचं भाडं, केटरिंग, अनामत रक्कम असा मोठा हिशेब समोर येतो. ‘बेअरफूट बोल्सचं ग्रुप बुकिंग हवंय, सगळे नवशिके आहेत’ एवढंच सांगा. आणि मग हे विचारा:

- दर माणशी आहे की रिंकप्रमाणे (रिंक म्हणजे मैदानातली एका सामन्यापुरती पट्टी)? गोळे त्यात धरले आहेत का? मुलांना काय दर?
- ग्रीन, म्हणजे खेळाचं मैदान, खऱ्या गवताचं आहे की कृत्रिम? पाऊस पडला तर गवताचं ग्रीन बंद ठेवतात. कृत्रिमवर बऱ्याचदा खेळता येतं.
- बुकिंग रद्द झालं तर पैसे परत मिळतात की दुसरी तारीख?
- घरचं जेवण आणलेलं चालतं का? बार्बेक्यू वापरायला मिळेल का, आणि तो गॅसचा आहे की विजेचा?
- सुरुवातीला अर्धा तास शिकवायला एखादा सदस्य येईल का?
- लहान मुलांसाठी छोटे गोळे आणि गुडघेदुखी असलेल्यांसाठी बोलिंग आर्म आहे का?

शेवटचा प्रश्न विसरू नका. बोलिंग आर्म म्हणजे लांब दांडीचा चिमटा. गोळा त्यात पकडून, न वाकता, उभ्यानेच सोडता येतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसालाही त्याने पूर्ण सामना खेळता येतो. क्लबाचे कितीतरी सदस्य स्वतः तो वापरतात, त्यामुळे मागायला संकोच नको.

वाराबद्दल: ऑक्टोबरपासून साधारण मार्चपर्यंत क्लबांच्या आपसातल्या स्पर्धा चालतात. त्यांना पेनंट म्हणतात. शनिवारची दुपार आणि बहुतेक ठिकाणी मंगळवार त्यात जातो. शुक्रवारची संध्याकाळ किंवा रविवारची दुपार मागा.

सिडनीकडच्या वाचकांसाठी: न्यू साउथ वेल्समधल्या अनेक क्लबांत दारातच पाहुण्यांची नोंद करावी लागते. मोठ्या माणसांनी फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवावं. पाहुण्या आई-बाबांचा पासपोर्टही त्यात आला.

२. तारीख ठरवा, निमंत्रण टपालपेटीत टाका

ख्रिसमसच्या थोडं आधीपासून जानेवारी अखेरपर्यंत शाळांना सुट्टी असते आणि निम्मी गल्ली गावाला गेलेली असते. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कपची सुट्टी येते, तेव्हाही लोक जोडून रजा घेतात. नोव्हेंबरचा उत्तरार्ध, डिसेंबरचा पहिला पंधरवडा, किंवा फेब्रुवारी ते मार्च हे दिवस चांगले. डिसेंबरात साडेआठपर्यंत आणि फेब्रुवारीत जवळजवळ आठपर्यंत उजेड असतो. २६ जानेवारी टाळा. तो ऑस्ट्रेलिया डे असला तरी इथल्या मूळ रहिवाशांपैकी अनेकांसाठी शोकाचा दिवस आहे, आणि सगळ्यांना एकत्र आणायला वर्षात दुसरे पुष्कळ दिवस आहेत.

निमंत्रण कागदावर छापा आणि प्रत्येक घराच्या पेटीत टाका. व्हॉट्सॲपच्या गटात तेच लोक असतात जे आधीपासून एकमेकांना ओळखतात. ज्या घराशी तुम्ही कधीच बोलला नाहीत ते घर गटात नसतं, आणि त्याच घरातले लोक यायला हवेत. एकटं राहणाऱ्या वयस्कर शेजाऱ्यांच्या घरी कागद घेऊन स्वतः जा, दार वाजवा आणि ‘येताना तुम्हाला सोबत घेऊन जाऊ का?’ असं विचारा.

कागदावर सुरू होण्याची आणि संपण्याची, दोन्ही वेळा लिहा. आपल्याकडे संपायची वेळ सांगणं जरा रुक्ष वाटतं. इथे ती सांगितली नाही तर लहान मुलं असलेली घरं येतच नाहीत, कारण मुलांच्या झोपेच्या वेळा ठरलेल्या असतात. माणशी किती पैसे, सपाट तळव्याचे बूट किंवा अनवाणी, खाण्याची ॲलर्जी असल्यास कळवा, आणि अमुक तारखेपर्यंत होकार द्या, एवढं पुरे. ‘कधीच खेळला नसाल तरी या’ ही ओळ मोठ्या अक्षरांत हवी.

निमंत्रण तुम्हाला आलं असेल आणि त्यात ‘ब्रिंग अ प्लेट’ लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ सगळ्यांना वाटून खाता येईल असा एक पदार्थ ताटलीत घेऊन या. रिकामी ताटली नेऊ नका.

३. सोबत काय घ्यायचं

- बुकिंगचा संदेश फोनमध्ये, आणि ठरवून घेतलेल्या गोष्टी (दर, बार्बेक्यू, बाहेरचं जेवण) लेखी
- आलेल्या लोकांची नावं आणि संघ लिहिलेला कागद
- टोपी, ५० एसपीएफचं सनस्क्रीन, पाण्याच्या बाटल्या
- सपाट, गुळगुळीत तळव्याची चप्पल किंवा बूट
- गोळा पुसायला छोटं फडकं
- खडू आणि मोजपट्टी, क्लबाकडे नसल्यास
- बर्फाच्या पिशव्यांसह एस्की (खाणं-पिणं थंड ठेवायची पेटी)
- पदार्थांवर लावायच्या चिठ्ठ्या आणि जाड पेन
- बार्बेक्यूसाठी स्वतःचे दोन चिमटे आणि ॲल्युमिनियम फॉइल
- उरलेलं न्यायला रिकामे डबे

सनस्क्रीनबद्दल आग्रहाने सांगतो. ‘आपल्या कातडीला उन्हाची सवय आहे’ हे इथे चालत नाही. इथलं अतिनील किरणांचं प्रमाण फार जास्त असतं. हवामानखात्याचा यूव्ही आकडा ३ किंवा त्याहून वर असेल तर सनस्क्रीन लावावं असं सांगितलं जातं, आणि उन्हाळ्यात तो ढगाळ दिवशीही याच्या बराच वर जातो. अनवाणी खेळणार असाल तर पावलांवरही लावा.

४. जेवणाची आखणी

खेळापेक्षा गोंधळ जेवणात जास्त होतो, म्हणून इथे जरा सविस्तर.

आधी पेयं. क्लबाला मद्यविक्रीचा परवाना असतो आणि बाहेरून आणलेलं मद्य आत चालत नाही. एस्कीतून बिअर नेली तर अडचण क्लबावर येते. पन्हं किंवा कोकम सरबत नेण्याआधीही एकदा विचारा. बहुतेक वेळा हो म्हणतात, पण काही क्लबांचं उत्पन्न बारवरच चालतं, तेव्हा थंड पेयं तिथूनच घेणं शोभून दिसतं.

मग पदार्थांची वाटणी. ‘काहीही आणा’ म्हटलं की सगळे गोड आणतात. एक कागद फिरवा: खारं, सॅलड, भाताचं काही, बार्बेक्यूवर भाजायचं, गोड, फळं. घरांनी आपापलं नाव लिहावं. आपल्याकडच्या पदार्थांपैकी कोथिंबीर वडी, बटाटेवडा, ढोकळा आणि मसालेभात हे गार झाले तरी खाता येतात आणि हातात किंवा छोट्या ताटलीत मावतात. रस्सा आणि पोळी नको. लोक उभ्याने खातात, एका हातात ताटली असते. अर्धे वडे बिनतिखट करा आणि ते वेगळे ठेवा.

ॲलर्जी हा विषय इथे फार गंभीरपणे घेतात, आणि घ्यायलाच हवा. ऑस्ट्रेलियात शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेली मुलं पुष्कळ आहेत, अनेकांच्या दप्तरात एपिपेन नावाचं इंजेक्शन असतं. आणि आपलं दाण्याचं कूट कुठे कुठे असतं ते आठवा: साबुदाण्याच्या खिचडीत, काकडीच्या कोशिंबिरीत, वांग्याच्या भाजीत, चटणीत. दिसत नाही, पण असतं. आलेल्यांपैकी एकालाही शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर त्या दिवशी कूट घातलेला पदार्थ कोणीच आणू नये. नुसती चिठ्ठी लावून भागत नाही. चमचे इकडून तिकडे होतात आणि मुलांचे हात सगळीकडे लागतात. तीळ आणि काजूचंही तेच.

दुसरा लपलेला घटक म्हणजे हिंग. बाजारात मिळणारा बहुतेक बांधानी हिंग गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो. एखाद्या शेजाऱ्याला सीलिॲक असेल, म्हणजे गहू अजिबात चालत नसेल, तर बेसनाची वडीही फोडणीतल्या हिंगामुळे त्याला बाधते. डबीवरची घटकांची यादी वाचा, किंवा त्या पदार्थात हिंग घालूच नका. रवा घातलेला ढोकळाही त्याला चालणार नाही.

आता आपल्या बाजूने. इथल्या सॉसेजमध्ये बहुधा गोमांस किंवा डुकराचं मांस असतं. बार्बेक्यूची अर्धी पाटी शाकाहारी ठेवायची असं आधीच ठरवा, तिच्यावर फॉइल अंथरा आणि चिमटा वेगळा ठेवा. हे सांगताना अवघडू नका. कारण सांगितलं की लोक मनापासून काळजी घेतात, आणि मुस्लिम शेजाऱ्यांना हलाल सॉसेज वेगळे भाजायचे असतील तर त्यांचीही सोय त्याच वेळी होते. अंडं न खाणाऱ्यांसाठी: पाव्हलोव्हा हा गोड पदार्थ अंड्याच्या पांढऱ्याचाच असतो, लॅमिंग्टनच्या केकमध्ये अंडं असतं, आणि मुलांच्या जेलीसारख्या गोळ्यांत व मार्शमेलोत जिलेटिन असतं.

सगळ्यांना चालणारा एक पदार्थ सुचवतो: कणसं. बार्बेक्यूवर भाजा, लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून फिरवा. तिखट नको त्याने लोणी लावावं. फेब्रुवारीत कणसं गोड आणि स्वस्त असतात. शाकाहारी, हलाल, गहू न खाणारे, सगळे ती खातात, आणि भाजणाऱ्याभोवती आपोआप गर्दी जमते.

उन्हाळ्यात अन्न बाहेर किती वेळ ठेवायचं याचा इथला नियम सोपा आहे. थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली, गरम पदार्थ ६० अंशांच्या वर. या दोन्हींच्या मधल्या तापमानात दोन तासांपर्यंत राहिलेलं अन्न परत फ्रिजमध्ये ठेवता येतं, दोन ते चार तास राहिलेलं लगेच संपवायचं, आणि चार तासांवर गेलेलं टाकून द्यायचं. दहीभात, दही घातलेली कोशिंबीर, श्रीखंड एस्कीतून जेवायच्या वेळीच बाहेर काढा.

फार उकाड्याच्या आणि वाऱ्याच्या दिवशी ‘टोटल फायर बॅन’ जाहीर होतो. त्या दिवशी कोळशाचा किंवा लाकडाचा बार्बेक्यू पेटवता येत नाही. आदल्या संध्याकाळी पाहून ठेवा आणि भाजल्याशिवाय खाता येतील असे दोन-तीन पदार्थ यादीत असू द्या.

आणखी एक: बारमागे उभे असणारे आणि ग्रीनची निगा राखणारे लोक बहुतेक वेळा बिनपगारी असतात. पहिली ताटली त्यांना न्या.

५. गोळा ओळखा

क्लबात याला बोल म्हणतात. चार गोळ्यांचा एक संच असतो आणि चारही गोळ्यांवर सारखीच चिन्हं असतात. दोन गोष्टी बघायच्या.

पहिली, आकार. मापं ०० पासून ५ पर्यंत असतात, आकडा वाढला की गोळा मोठा. दोन्ही हातांचे अंगठे आणि मधली बोटं गोळ्याच्या घेराभोवती एकमेकांना टेकली तर माप ठीक. त्यानंतर एका हातात धरून तळवा खाली करा. निसटला तर लहान माप घ्या. मोठा गोळा जास्त चांगला असं काही नाही. वजन दीड किलोच्या आसपास जाऊ शकतं, तेव्हा अनवाणी पायांवर पडू देऊ नका, आणि जमिनीवर जवळ जवळ असलेल्या दोन गोळ्यांच्या फटीत मुलांना बोटं घालू देऊ नका.

दुसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची: गोळा सरळ जात नाही. तो पूर्ण गोल नसतो. एका बाजूने किंचित वेगळा घडवलेला असतो, म्हणून वेग कमी झाला की त्या बाजूला वळतो. याला बायस म्हणतात. गोळ्याच्या दोन बाजूंना चिन्हं असतात, एक मोठं आणि एक छोटं. छोटं चिन्ह ज्या बाजूला, तिकडे गोळा वळणार. टाकण्याआधी दर वेळी छोटं चिन्ह आतल्या बाजूला, म्हणजे आपल्या रिंकच्या मध्याकडे आहे ना ते बघा. उलटं धरलं तर गोळा शेजारच्या रिंकवर, दुसऱ्यांच्या खेळात जाऊन घुसतो. पहिल्या दिवशी हे प्रत्येकाच्या हातून होतं. ‘सॉरी’ म्हणा, त्यांचे गोळे हलण्याआधी कोणीतरी तो पायाने अडवतं, खेळ पुढे चालू.

६. गोळा टाकायचा कसा

मॅटवर उभे राहा. गोळा सुटतो त्या क्षणी निदान एक पाऊल मॅटवर किंवा मॅटच्या वर हवं. उजव्या हाताने टाकत असाल तर डावं पाऊल पुढे, गुडघे वाकलेले, हात लंबकासारखा मागून पुढे, आणि गोळा जमिनीलगत अलगद सोडायचा. वरून आपटला तर गवताला खड्डा पडतो, आणि हे पाहून क्लबाची माणसं सगळ्यात जास्त नाराज होतात.

नजर पांढऱ्या किंवा पिवळ्या जॅककडे नको. गोळा वळणार आहे, म्हणून तो बाहेरच्या बाजूला टाकायचा. समोरच्या कडेवरची एखादी खूण, खांब, पाटी, खुर्ची निवडा आणि तिच्याकडे टाका. पहिले दोन गोळे कुठे वळतात ते पाहून खूण आत-बाहेर सरकवा. इथली ग्रीन्स वेगवान असतात, म्हणजे कमी जोरात गोळा खूप लांब जातो आणि खूप वळतो. क्रिकेट खेळलेल्या मंडळींचे सुरुवातीचे सगळे गोळे मागच्या चरात जाऊन पडतात. हात हलका ठेवा.

जोर आणि दिशा यांत आधी जोर जमवा. आणि थोडा कमी पडण्यापेक्षा थोडा मागे गेलेला बरा: खेळता खेळता जॅक ढकलला जातो तो बहुधा मागेच, आणि मागे थांबलेला गोळा अचानक सगळ्यात जवळचा ठरतो.

७. खेळ आणि गुण

मैदान ३१ ते ४० मीटर लांब असतं आणि त्याच्या समांतर पट्ट्या पाडलेल्या असतात, त्या रिंक. नाणेफेक जिंकलेला संघ मॅट ठेवतो आणि जॅक घरंगळत सोडतो. जॅक मॅटपासून निदान २३ मीटर जायला हवा, मग तो रिंकच्या मध्यरेषेवर सरकवतात. दोन्ही संघ आळीपाळीने एक-एक गोळा टाकतात. सगळे गोळे टाकून झाले की एक एंड संपला. पुढचा एंड उलट दिशेने.

गुण मोजणं गोट्यांइतकं सरळ आहे. जॅकच्या सर्वात जवळ ज्याचा गोळा, तो एंड त्याचा. आणि प्रतिस्पर्ध्याच्या सर्वात जवळच्या गोळ्यापेक्षा तुमचे जितके गोळे जास्त जवळ, तितके गुण. समजा जॅकजवळ तुमचे दोन गोळे आहेत, तिसरा त्यांचा, चौथा परत तुमचा. तुम्हाला दोन गुण मिळाले. चौथा धरायचा नाही.

गोळा जाताना जॅकला शिवला तर त्यावर खडूने खूण करतात आणि तो चरात पडला तरी मोजला जातो. न शिवता चरात गेला किंवा पूर्णपणे बाजूच्या रिंकवर गेला तर बाद. जॅकच बाजूला उडाला तर मैत्रीच्या सामन्यात तो परत मध्यावर ठेवून खेळा.

एक सापळा: शेवटचा गोळा थांबताच मुलं धावत जाऊन सगळे गोळे गोळा करतात, आणि मग कोणाचा जवळ होता ते कळतच नाही. दोन्ही संघांतला एक-एक माणूस गुण ठरवेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, हे मुलांना आधीच सांगा. मोजपट्टी धरायचं काम मुलांकडे दिलं तर ती हे सगळ्यात काटेकोरपणे पाळतात.

८. संघ पाडणं

नवशिक्यांसाठी एका रिंकवर तीन विरुद्ध तीन, प्रत्येकी दोन गोळे, हे उत्तम. चार विरुद्ध चारमध्ये वाट बघण्यातच वेळ जातो. अठरा जण असतील तर तीन रिंक. आठ एंडना साधारण दीड तास लागतो, लहान मुलं असतील तर सहावर थांबा.

आता माझा आग्रह. घराप्रमाणे संघ पाडू नका. भारतीय विरुद्ध ऑस्ट्रेलियन तर अजिबात नको. गमतीत सुचवलं जातं, पण मग संध्याकाळभर प्रत्येक जण आपापल्याच भाषेत, आपल्याच लोकांशी बोलतो. नवरा-बायको वेगळ्या संघात, आई आणि मुलगा वेगळ्या संघात. चिठ्ठ्या काढा, आणि अर्धे एंड झाल्यावर संघांचे प्रतिस्पर्धी बदला.

प्रत्येक संघात पहिला खेळणारा तो लीड, शेवटचा तो स्किप. लीडचं काम सगळ्यात सोपं: मैदान मोकळं असतं, कोणाचं काही बिघडवण्याची भीती नाही. लाजऱ्या मुलाला किंवा पहिल्यांदाच आलेल्या आजींना लीड करा. स्किप समोरच्या टोकाला जॅकजवळ उभा राहून दिशा सांगतो, म्हणून तिथे थोडं खेळलेला माणूस हवा.

भारतातून आलेल्या आई-बाबांना इंग्रजी बोलायची भीती असते. इथे ती आड येत नाही, कारण पस्तीस मीटरवरून कोणीच काही बोलून सांगत नाही. स्किप दोन्ही हात पसरून दाखवतो की गोळा जॅकपासून एवढा पुढे किंवा एवढा मागे राहिला. गोळा चांगला पडला की हात वर. दोन एंडमध्ये या खुणा कोणालाही कळतात. दिवसभर घरात टीव्हीसमोर बसणाऱ्या माणसाला शेजारी नावाने हाक मारतात, त्याचा गोळा जॅकला लागल्यावर टाळ्या वाजवतात, आणि दुसऱ्या दिवशी फिरायला निघाल्यावर फाटकापाशी थांबून बोलतात. एवढ्यासाठी तरी आई-बाबा इथे असतानाची तारीख धरा. तिकिटं काढतानाच क्लबाला फोन करा.

९. ग्रीनवर कसं वागायचं

टाचांचे बूट, खेळाचे खिळ्यांचे बूट चालत नाहीत. कडेच्या चरावर किंवा ग्रीनच्या काठावर बसू नका, काठ ढासळतो. खाणं-पिणं ग्रीनबाहेर. तेलकट हाताने गोळा धरू नका, तो निसटतो. हळदीचे डाग कृत्रिम ग्रीनवरून सहजी जात नाहीत. शेजारच्या रिंकवर कोणी मॅटवर उभं असेल तर त्याच्या नजरेसमोर हलू नका. मुलांनी धावायचं ते ग्रीनबाहेरच्या मोकळ्या जागेत, आणि एका मोठ्या माणसाने आळीपाळीने तिथे थांबावं.

१०. वेळापत्रक आणि आवराआवर

रविवारसाठी आमचा क्रम असा: चारला जमणं आणि माप बघून गोळे घेणं, सव्वाचार ते पावणेपाच सराव, पावणेपाचला सामना, सव्वासहाला जेवण, आठला निघणं. बार्बेक्यू शेवटचे दोन एंड सुरू असताना पेटवा. जेवण आधी ठेवलं तर नंतर कोणी मॅटवर परतत नाही. ३५ अंशांच्या वरचा अंदाज असेल तर सगळं एक तास पुढे ढकला.

बक्षीस छोटं असावं आणि खाण्याचं नसावं. एखादं झाड किंवा फिरती ढाल चांगली. शुक्रवारी क्लबात मीट रॅफल नावाची सोडत असते, तिचं बक्षीस म्हणजे मांसाचं ताट. शाकाहारी असाल तरी तिकीट घ्या, त्यातून क्लबाला पैसे मिळतात. लागलंच तर शेजाऱ्याला द्या.

गोळे पुसून, मोजून, संचाप्रमाणे परत लावा. मोजताना चिन्ह बघा. दोन संचांचे गोळे बदलले तर पुढच्या खेळणाऱ्याचा प्रत्येक गोळा वेगळा वळतो. जॅक आणि मॅटही मोजा. टेबलं पुसा, कचरा क्लबाच्या डब्यात मावत नसेल तर घरी न्या. पैसे एकाच माणसाने एकत्र द्यावेत, वीस जणांनी बारवर रांग लावू नये.

ज्यांना खेळ आवडला त्यांना सोशल सदस्यत्वाबद्दल विचारायला सांगा. पूर्ण सदस्यत्वापेक्षा त्याची वर्गणी बरीच कमी असते. आठवड्यातल्या एखाद्या सकाळी बहुतेक क्लबांत निवांत खेळ चालतो, नाव नोंदवून कोणीही येऊ शकतं. तुमच्या आई किंवा सासरे यांना तिथे न्यायचं असेल तर पहिल्या वेळी सोबत जा, बोलिंग आर्म कुठे ठेवतात ते दाखवा, आणि परत न्यायला किती वाजता याल ते बारवर सांगून ठेवा.